स्वस्त कार्डाचा इतिहास

बिदर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला औराद हे तालुक्याचे गाव आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात आले. त्याच वेळी जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि जहीराबाद व नारायणखेड आंध्राच्या वाट्याला आले. जिल्हा विभागला गेला, तथापि माणसांचे जाणेयेणे काही थांबले नाही. औरादचा मराठी माणूस आजही सोयरिकीसाठी उदगीर-देगलूरकडे पाहतो, कचेरीच्या कामाला बिदर गाठतो आणि मोठी खरेदी असली म्हणजे हैदराबादची वाट धरतो.

अशा गावातील एका बेताच्या मिळकतीच्या घरात संगणक आहे, अशी कल्पना करावी. दिवसा त्यावर मुलीचा अभ्यास होतो, परीक्षांचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. रात्री मुलगा त्यावर खेळ खेळतो. एके दिवशी खेळ ऐन रंगात आला असता पडदा काळा पडतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दुकानदार झाकण उघडून पाहतो आणि निदान सांगतो, "ग्राफिक्स कार्ड गेलं. बदलावं लागेल." मग घरात प्रश्न उभा राहतो : कोणते घ्यावयाचे, नवे की जुने, आणि किती रुपयांचे? वडिलांच्या दृष्टीने तो अर्ध्या महिन्याच्या मिळकतीचा प्रश्न असतो, आणि एकदा चुकले तर दुसऱ्यांदा खर्च करण्याची ऐपत नसते.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा भावाच्या यादीत शोधले जाते. वस्तुतः त्याचा बराचसा भाग या कार्डाच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासात आहे. बाजारात आज जी स्वस्त कार्डे मिळतात त्यांतील प्रत्येक कार्ड कोणत्या ना कोणत्या काळात, कोणत्या ना कोणत्या कारणाने स्वस्त झालेले असते. ते कारण ठाऊक असले, तर ते घ्यावे की टाळावे हे ठरविणे फारसे कठीण राहत नाही.

आरंभ १९८१ सालापासून करावा लागेल. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला. पडद्यावर काही उमटवावयाचे तर यंत्रात एक स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. अशी कार्डे दोन प्रकारची होती. एकावर केवळ अक्षरे दिसत; ऐंशी स्तंभ आणि पंचवीस ओळी, यापलीकडे त्याची धाव नव्हती. दुसऱ्यावर चित्रे दिसत, पण आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके आणि एका वेळी चार रंग, एवढेच. ज्याला हिशेब लिहावयाचा त्याने पहिले घ्यावे व ज्याला चित्रे हवीत त्याने दुसरे. निवडीचा प्रश्न अशा रीतीने पहिल्या दिवसापासूनच या कार्डाच्या मागे लागलेला आहे.

त्यानंतरची हकीकत आपल्याकडील वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या थायलंडच्या एका अभियंत्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता. आयबीएमच्या कार्डावर ती अक्षरे उमटेनात, म्हणून त्याने स्वतःच एक कार्ड तयार केले. १९८२ साली ते हर्क्युलिस या नावाने विक्रीस आले आणि जगभर खपले. इंग्रजीखेरीज अन्य भाषा लिहिण्याच्या गरजेतून एका नामांकित ग्राफिक्स कार्डाचा जन्म झाला, हे आजच्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांना माहीत असेल.

देवनागरीची अडचण याहून जुनी होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. पावणेचारशे वर्षांनी संगणकापुढे तोच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांवर काम केले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तेथे पुढे गेले. त्यातून 'जिस्ट' कार्ड निर्माण झाले. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसविले म्हणजे मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही देवनागरी, कन्नड, तेलुगू आदी अक्षरे दिसू लागत. उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीचीही सोय पुढे झाली. औरादच्या पेठेत मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू या चारही भाषा कानांवर पडतात. त्या चौघींना एकाच यंत्रात आणण्याचे काम प्रथम एका कार्डाने केले, ही गोष्ट तेथील वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे या कार्डाचे काय झाले? विंडोज २००० सारख्या प्रणालींत देवनागरी अंगभूतच आली आणि वेगळ्या कार्डाची आवश्यकता संपली. कार्ड नादुरुस्त झाले नव्हते, त्याची गरज सरली होती. येथे पहिला धडा मिळतो. कार्डाची किंमत त्याच्या नावावरून किंवा वयावरून ठरवावयाची नसून ते जी गरज भागविते तीवरून ठरवावयाची असते. आज अभ्यास, अर्ज, पत्रव्यवहार आणि चित्रफिती यांसाठी बहुतेक संगणकांना वेगळे कार्ड लागतच नाही, कारण अनेक प्रोसेसरांतच तेवढी चित्रशक्ती असते. औरादच्या त्या घरातील संगणकाचा प्रोसेसर अशा प्रकारचा असेल, तर कार्ड काढून ठेवावे आणि पडद्याची तार थेट मदरबोर्डला जोडावी. मुलीचा अभ्यास त्याच दिवशी पूर्ववत सुरू होईल. थांबेल तो फक्त खेळ. घाईचे काम कोणते आणि सबुरीचे कोणते, हे एवढ्याने स्पष्ट होते, आणि घाई टळली की खरेदीतील निम्मी चूक टळते.

खेळांसाठी कार्ड ही कल्पना तशी अलीकडची. १९९३ साली 'डूम' हा खेळ आला तेव्हा त्यातील सारी चित्रे प्रोसेसरच काढीत असे. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीने 'व्हूडू' नावाचे कार्ड काढले. ते केवळ त्रिमितीय चित्रांचे काम करी, म्हणून साध्या कामासाठी दुसरे कार्ड यंत्रात ठेवावेच लागे आणि दोहोंमध्ये एक तार जोडावी लागे. १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' बाजारात आणले आणि जाहिरातीत त्याला जगातील पहिला 'जीपीयू' म्हटले. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचा कारभार आटोपला व तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. कॅनडातील एटीआय ही दुसरी जुनी कंपनी २००६ साली एएमडीने विकत घेतली. २०२२ साली इंटेलने 'आर्क' मालिका आणीपर्यंत या बाजारात मुख्यतः दोनच घराणी उरली होती.

भारतात ही कार्डे आली ती परदेशातून. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे दार किलकिले झाले, १९९१ नंतर ते अधिक उघडले आणि १९९७ साली भारताने माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारल्यावर २००५ पर्यंत अशा मालावरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर आणि बंगळूरचा एस. पी. रोड ही या व्यापाराची ठाणी झाली.

स्वस्त कार्ड कसे तयार होते, हेही येथे सांगितले पाहिजे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो चिपा कोरल्या जातात आणि त्यांतील काहींत लहानसहान दोष राहतात. अशा चिपेचा सदोष भाग बंद करून ती कमी ताकदीच्या कार्डावर बसवितात. मोठ्या चिपेची छोटी आवृत्ती मुद्दाम वेगळी घडविण्याचीही रीत आहे. यात फसवणूक काहीच नाही, गिरणीत तांदूळ आणि कणी वेगळी काढतात त्यातलाच हा प्रकार. फसगत होते ती नावात. २०१७ साली निघालेल्या जीटी १०३० या कार्डाची स्मृती दर सेकंदाला ४८ गिगाबाइट मजकूर हलवू शके. २०१८ साली त्याच नावाने दुसरे कार्ड आले, त्याचा वेग १६.८ गिगाबाइट एवढाच होता. आरटीएक्स ३०५० हे नावही आठ गिगाबाइट आणि सहा गिगाबाइट अशा दोन कार्डांना आहे, आणि त्यांच्यात केवळ स्मृतीचाच नव्हे तर गणन-घटकांच्या संख्येचाही फरक आहे. पहिल्यात ते २५६०, तर दुसऱ्यात २३०४. तेव्हा दुकानात नाव विचारून न थांबता स्मृती किती व कोणत्या जातीची, हे खोक्यावर वाचूनच पैसे द्यावेत.

आता मूळ तक्रारीकडे वळले पाहिजे. खेळताना बंद पडणारे यंत्र पाहून कार्डावर आळ घेणे सोपे असते, पण इतिहास सांगतो की कार्डाची भूक वाढत गेली आणि ती भागविणारा पुरवठा मात्र पुष्कळ घरांत जुनाच राहिला. आजच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट शक्ती मिळते. त्याहून अधिक हवी असेल तर सहा टोकांच्या तारेने आणखी ७५ आणि आठ टोकांच्या तारेने १५० वॅट घ्यावी लागते. ही शक्ती पुरविणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या पेटीवर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते. तेवढ्यावर विसंबू नये. त्याच चिठ्ठीवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून दोहोंचा गुणाकार करावा. १८ अँपिअर असतील तर कार्ड आणि प्रोसेसर या दोघांच्या मुख्य वापरासाठी २१६ वॅटच आहेत, असा त्याचा अर्थ. खेळ ऐन रंगात आला की दोघांचीही मागणी एकदम वाढते, पेटी दमते आणि यंत्र क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होते. अशा वेळी नवे आणि अधिक ताकदीचे कार्ड आणले तर दुखणे बळावेल.

वीज वारंवार जाणाऱ्या भागात आणखी एक कारण संभवते. घरगुती इन्व्हर्टर वीज जाताच भार आपल्याकडे घेतो, पण त्या पालटात क्षणभराचे अंतर पडते. पंख्याला ते जाणवत नाही, संगणकाला जाणवते. इन्व्हर्टरवर यूपीएस अशी कळ असल्यास ती चालू आहे की नाही हे आधी पाहावे.

कार्डाचे स्वतःचे आजारही आहेतच. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने विद्युत-उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध घातले आणि जगभरच्या कारखान्यांत शिसेविरहित डाख रूढ झाला. त्या संक्रमणकाळात चिपांच्या बांधणीत अनेक अडचणी आल्या. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांतील सदोष बांधणीपोटी १५ ते २० कोटी डॉलरांचा बोजा आपल्या हिशेबात जाहीर केला. तापणे आणि निवणे या नित्याच्या क्रियेने आतले सूक्ष्म सांधे तडकत. त्याच काळात बिघडलेले कार्ड भट्टीत भाजून जिवंत करण्याचा एक घरगुती उपाय जगभर पसरला. त्याने कार्ड काही दिवस चाले आणि पुन्हा मरे. हा उपाय करून विकलेली कार्डे जुन्या बाजारात कित्येक वर्षे हिंडत राहिली. आजही भाजून किंवा गरम हवेचा झोत देऊन दुरुस्त केलेले कार्ड कोणी देऊ केले तर ते न घेणेच बरे.

निदानाचा क्रम मग असा ठरतो. प्रथम धूळ झाडावी आणि पंखा फिरतो का ते पाहावे. काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात जाळीवर बसणारी धूळ हे तापण्याचे सर्वांत स्वस्त कारण होय. नंतर ड्रायव्हर पूर्णपणे काढून पुन्हा घालावा. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, प्रणालीत अशी योजना आहे की कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू केला जातो. त्या वेळी पडदा क्षणभर काळा होऊन सूचना येते. ही सूचना वारंवार येत असेल तर दोष ड्रायव्हरमध्ये वा कार्डात असण्याचा संभव अधिक. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा उमटत असतील तर कार्डाच्या स्मृतीवर संशय घ्यावा. कसलीही सूचना न येता सारे यंत्रच बंद पडत असेल तर आधी एसएमपीएसची परीक्षा करावी. कार्ड काढल्यावर यंत्र स्थिर राहिले, एवढ्यावरून कार्डच दोषी असे मानू नये, कारण कार्ड काढल्याने पेटीवरचा भारही उतरलेला असतो. शेवटची आणि खात्रीची परीक्षा म्हणजे तेच कार्ड एखाद्या मित्राच्या चांगल्या यंत्रात घालून तास-दोन तास चालविणे. तेथेही ते पडले, तर मात्र नव्याचा विचार करावा.

आणि येथे इतिहासाचे दुसरे, अधिक कटू प्रकरण सुरू होते. २००९ साली बिटकॉइन आले, २०१५ साली इथेरियम. अशी आभासी नाणी मिळविण्याच्या गणितांना ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते असे दिसून आले. २०१७ साली आणि पुन्हा २०२० पासून २०२२ पर्यंत जगातील कार्डे खेळाडूंच्या हाती न लागता नाण्यांच्या कारखान्यांत जाऊ लागली. त्यात महामारीमुळे चिपांचा तुटवडा पडला. २०१६ साली जीटीएक्स १०५० टीआय १३९ डॉलरांना जाहीर झाले होते आणि २०१९ साली जीटीएक्स १६५० हे १४९ डॉलरांना. २०२२ च्या जानेवारीत आरटीएक्स ३०५० आले ते २४९ डॉलरांना, आणि तेही त्या भावात क्वचितच मिळे. आपल्याकडे डॉलरच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी, वाहतूक आणि व्यापाऱ्यांचा नफा चढतो. दीडशे डॉलरांचे नवे, कामाचे कार्ड ही जी मध्यमवर्गाची पायरी होती, ती या काळात ढासळली आणि नंतर पूर्णपणे बांधली गेली नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढून स्मृती-चिपांचे भाव चढले, त्याने अडचणीत भरच पडली.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांची गरज एका दिवसात संपली. कारखान्यांतील कार्डे जुन्या बाजारात आली आणि पुष्कळ घरांना परवडली. ती सारीच वाईट असतात असे नाही. सतत एकाच तापमानाला चाललेली चिप कधी कधी रोज तापून निवणाऱ्या चिपेपेक्षा सुस्थितीत असते. झिजतात ते पंखे, सुकतात ते उष्णता वाहून नेणारे लेप आणि थकते ती स्मृती. शिवाय नाणी काढणाऱ्यांनी अनेक कार्डांचा अंतर्गत मजकूर, म्हणजे बायोस, आपल्या सोयीने बदललेला असे. असे कार्ड साध्या कामात ठीक चालते आणि खेळात पडते. म्हणजे जो आजार घालवावयाचा, तोच पैसे देऊन पुन्हा घरी आणावयाचा!

याच काळात खोटी कार्डेही निघाली. जुन्या, दुबळ्या कार्डाचा बायोस बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय असे नाव देत. संगणकही त्याला त्याच नावाने ओळखे. ही लबाडी इतकी वाढली की जीपीयू-झेड या तपासणीच्या लोकप्रिय कार्यक्रमात २०१८ पासून खोटे कार्ड ओळखण्याची सोय करावी लागली. आरएक्स ५८० या नावाने मूळ २३०४ घटकांऐवजी २०४८ घटकांची कार्डे जुन्या बाजारात येतात, तीही याच कार्यक्रमात उघडी पडतात. बिदरच्या बिदरी कामाची पारख असलेला माणूस वरच्या चकाकीला भुलत नाही, चांदी धातूत ठोकून बसविली आहे की नाही ते निरखतो. जुन्या कार्डाच्या बाबतीत ते निरखणे म्हणजे विक्रेत्यासमोर हा कार्यक्रम चालविणे आणि अर्धा तास खेळ चालवून पाहणे. विक्रेत्याने त्याला नकार दिला तर तो नकार हेच उत्तर समजावे.

आता प्रत्यक्ष निवड. एसएमपीएस साधा असेल आणि तो बदलण्याचे पैसे नसतील, तर वेगळ्या तारेची गरज नसलेली, ७५ वॅटच्या आतली कार्डेच पाहावीत. जीटीएक्स १६५० ची खाचेवर चालणारी आवृत्ती आणि २०२४ साली आलेले सहा गिगाबाइटचे, ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० ही त्यांतली दोन होत. दोहोंत दुसरे वरचढ आहे. चार गिगाबाइट स्मृती आजच्या अनेक खेळांना तोकडी पडते. २०२२ सालचे आरएक्स ६४०० हे केवळ ५३ वॅटचे आहे, पण ते खाचेच्या चारच वाहिन्या वापरते. जुन्या मदरबोर्डावर, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर, त्याचा आणि त्याचा थोरला भाऊ आरएक्स ६५०० एक्सटी याचा वेग खालावतो. जुने यंत्र जगविण्यासाठी जे कार्ड घ्यावयाचे, तेच जुन्या यंत्रात लंगडते.

एसएमपीएस चांगला असेल, किंवा कार्डाबरोबर तोही घेणे शक्य असेल, तर आठ गिगाबाइटच्या पायरीवर यावे. २०२१ सालचे १३२ वॅटचे आरएक्स ६६०० हे ३२९ डॉलरांना निघाले आणि पुढे बरेच उतरले. २०२५ सालचे १३० वॅटचे आरटीएक्स ५०५० हे २४९ डॉलरांचे. इंटेलचे आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरांना बारा गिगाबाइट स्मृतीसह आले, ही लक्षणीय गोष्ट होय. तथापि त्याला 'रिसायझेबल बार' नावाची सोय असलेला मदरबोर्ड लागतो आणि प्रोसेसर जुना असला तर त्याचे तेज पडत नाही. नव्या यंत्राला ते शोभते, जुन्याला नाही.

जुन्या कार्डाच्या बाबतीत आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० व १००० मालिकांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविले. केवळ सुरक्षेच्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळावयाच्या आहेत. एएमडीच्या आरएक्स ४०० व ५०० मालिकांनाही २०२३ पासून कमी लक्ष मिळते आहे. ही कार्डे त्यामुळे निकामी होत नाहीत, जुने खेळ त्यांवर सुखाने चालतील. परंतु ज्याला पुढची तीन-चार वर्षे काढावयाची आहेत, त्याने त्यांवर मोठी रक्कम घालू नये.

औरादच्या ग्राहकाने याखेरीज अंतराचाही हिशेब केला पाहिजे. २०१७ साली जीएसटी आल्यापासून खरेदी उदगीरला केली, बिदरला केली किंवा हैदराबादला केली, तरी कर एकच आहे. पूर्वीची आंतरराज्य विक्रीकराची कटकट राहिली नाही. पण हमीचे काम मात्र अजून अंतरावरच अवलंबून असते. कार्ड बिघडले तर सेवाकेंद्रापर्यंत जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी, हीही त्याची किंमतच. नवे कार्ड घेताना पक्के बिल, त्यावर कार्डाचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत ही लिहून घ्यावीत. जवळचे सेवाकेंद्र कोठे आहे हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. जुने कार्ड दोन हजारांनी स्वस्त असेल आणि त्यासाठी दोनदा हैदराबादला जावे लागले, तर स्वस्ताई बसच्या तिकिटांतच संपेल.

त्या घरातील वडिलांपुढचा प्रश्न मग पूर्वीइतका अंधारा राहत नाही. पहिल्या दिवशी काही खर्च न करता कार्ड बाजूला ठेवावे आणि मुलीचा अभ्यास चालू करावा. पहिल्या आठवड्यात धूळ, ड्रायव्हर, इन्व्हर्टर आणि एसएमपीएस यांची तपासणी व्हावी. दोष पेटीचा निघाला तर चांगली पेटी घ्यावी. तिचा खर्च कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतो आणि ती पुढच्या यंत्रातही कामाला येते. दोष कार्डाचाच ठरला, तर आपली पेटी, आपला मदरबोर्ड आणि मुलगा खरोखर जे खेळ खेळतो ते, या तिहींचा मेळ घालून निवड करावी. त्यात मुलालाही बरोबर घ्यावे. चिठ्ठीवरचे अँपिअर त्यानेच वाचावेत, गुणाकारही त्यानेच करावा. हट्ट म्हणून सुरू झालेली गोष्ट हिशेबावर येऊन थांबली, तर त्या खर्चात थोडे शिक्षणही पदरात पडते.

एकाला आपली थाई अक्षरे पडद्यावर पाहावयाची होती, दुसऱ्यांना आपल्या देशातील लिप्या. कार्डाच्या इतिहासात ज्यांनी मोलाची भर घातली, त्यांनी आधी आपली गरज नेमकी ओळखली आणि मग कार्ड घडविले. विकत घेणाऱ्याला कार्ड घडवावे लागत नाही. पण गरज ओळखण्याचे काम त्याच्याकडून कोणताही दुकानदार करून देणार नाही. ते घरीच, यंत्राचे झाकण उघडून आणि चिठ्ठीवरचा बारीक मजकूर वाचून करावयाचे आहे.